कळ आणि बोट

मराठींत 'कळ' हा शब्द दोन अर्थांनीं रूढ आहे. जी दाबली असतां यंत्र चालूं लागतें ती कळ. आणि दुखऱ्या अवयवांतून एकाएकीं उठते तीहि कळच. अक्षरें उमटविणाऱ्या यंत्राचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर नाहींत असें दिसून येतें. यंत्राच्या कळेनें बोटांत कळ उठूं नये, किंबहुना त्या कळेवर बोट ठेवतांच लिहिणाराला समाधान वाटावें, ह्यासाठीं जी खटपट झाली व अद्यापहि चालू आहे, तिची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

यंत्र येण्यापूर्वीं लिहिणारा आपलें साधन आपल्या हाताजोगें करून घेत असे. बोरू कापतांना छाट किती तिरपा द्यावा, टोंक किती रुंद ठेवावें, हें ज्याचें तो ठरवी. दफ्तरांतील कारकुनाचा बोरू वेगळा आणि पोथी उतरविणाराचा वेगळा. पुढें यंत्र आलें, आणि कारखान्यानें ठरविलेल्या एकाच मापाच्या कळफलकापुढें सर्वांना बसावें लागलें. साधनानें हाताशीं जुळवून घ्यावयाचें, कीं हातानें साधनाशीं, हा प्रश्न तेथून सुरू झाला.

अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं ख्रिस्तोफर लॅथम शोल्स नांवाचे गृहस्थ होते. छापखाना, वृत्तपत्र आणि सरकारी जकातखातें अशा तिन्ही ठिकाणीं त्यांनीं काम केलेलें होतें. कार्लोस ग्लिडन आणि सॅम्युअल सूल ह्या सहकाऱ्यांसह त्यांनीं तयार केलेल्या लेखनयंत्राला २३ जून १८६८ रोजीं पेटंट मिळालें. त्या यंत्राच्या कळा पियानोच्या कळांसारख्या लांबट होत्या. जणूं काय अक्षरें वाजवूनच काढावयाचीं! जेम्स डेन्समोर ह्या भांडवल पुरविणाऱ्या गृहस्थांनीं शोल्स ह्यांच्यामागें सुधारणेचा तगादा लावला. यंत्रें परीक्षेसाठीं लघुलेखकांकडे पाठविलीं जात, तीं मोडून परत येत, व पुन्हां नवा नमुना तयार होई. वॉशिंग्टन येथील जेम्स क्लीफेन ह्या लघुलेखकांनीं तर एकामागून एक इतकीं यंत्रें निकालांत काढलीं कीं, शोल्स अगदीं जेरीस आले. परंतु ज्याच्या हातून यंत्र मोडतें तोच त्याचा खरा परीक्षक, हें डेन्समोर ह्यांनीं ओळखलें होतें.

१८७३ च्या मार्च महिन्यांत इलियन येथील रेमिंग्टन कंपनीशीं करार झाला. ही कंपनी मूळची बंदुका करणारी. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपल्यावर ती शिवणयंत्रांकडे वळली होती. त्यामुळें १८७४ सालीं विक्रीस आलेल्या पहिल्या टाइपरायटरवर शिवणयंत्रासारखीं रंगीत फुलें चितारलेलीं होतीं, आणि कागदाचा गाडा मागें आणण्यासाठीं पायाखालीं पावटाहि होता. किंमत १२५ डॉलर; अक्षरें फक्त मोठीं; आणि ठसा कागदाच्या खालच्या बाजूनें बसत असल्यामुळें आपण काय लिहिलें तें कांहीं ओळी पुढें गेल्यावांचून लिहिणाराला दिसत नसे.

आज बहुतेक ठिकाणीं जो इंग्रजी कळफलक दिसतो, त्याच्या वरच्या ओळींत डावीकडून क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय हीं अक्षरें येतात. हा क्रम आला कोठून? सर्वत्र सांगितलें जाणारें कारण असें कीं, त्या यंत्रांत ठशांचे दांडे वर्तुळाकार टांगलेले असत. शेजारचे दोन दांडे पाठोपाठ उचलले गेले तर एकमेकांत अडकत. म्हणून वारंवार जोडीनें येणारीं अक्षरें मुद्दाम दूर ठेवण्यांत आलीं. हें कारण पटण्याजोगें वाटतें खरें. परंतु ई आणि आर हीं इंग्रजींत पदोपदीं एकत्र येणारीं अक्षरें शेजारींशेजारीं कशीं बसलीं, ह्याचा उलगडा त्यानें होत नाहीं. जपानांतील कोइची यासुओका व मोटोको यासुओका ह्या संशोधकांनीं २०११ सालीं ह्या प्रश्नाचा नव्यानें विचार केला. आरंभींचीं यंत्रें वापरणारांत तारेचे संदेश उतरवून घेणारे लोक होते, आणि त्यांच्या सोयी-गैरसोयींतून हा क्रम हळूहळू घडत गेला, असें त्यांचें म्हणणें. अमेरिकन मोर्स लिपींत झेड ह्या अक्षराची खूण आणि एस-ई ह्या जोडीची खूण ह्यांत गफलत होई. पुढचा शब्द कळेपर्यंत ऐकणाराला थांबावें लागे. म्हणून एस हें अक्षर झेड व ई ह्या दोहोंजवळ असणें सोयीचें होतें. ह्या वादाचा निकाल कसाहि लागो. १८७८ सालच्या पेटंटांत हा क्रम जवळजवळ आजच्यासारखा स्थिर झाला, आणि त्याच वर्षींच्या रेमिंग्टनच्या दुसऱ्या यंत्रांत एकाच कळेवरून लहान व मोठें अशीं दोन्ही अक्षरें काढूं देणारी 'शिफ्ट' कळ आली.

तरीहि हा क्रम टिकेलच असें कोणी छातीठोकपणें सांगूं शकलें नसतें. कॅलिग्राफ नांवाच्या प्रतिस्पर्धी यंत्रांत लहान व मोठ्या अक्षरांना स्वतंत्र कळा असत. २५ जुलै १८८८ रोजीं सिनसिनाटी येथें दोन टंकलेखकांची जाहीर चुरस झाली. एका बाजूस कॅलिग्राफवर लुई ट्राउब आणि दुसऱ्या बाजूस रेमिंग्टनवर सॉल्ट लेक सिटीचे न्यायालयीन लघुलेखक फ्रँक मॅकगरिन. मॅकगरिन ह्यांनीं कळांच्या जागा पाठ केल्या होत्या. सर्व बोटें वापरून, कळांकडे न पाहतां ते लिहीत. त्यामुळें त्यांची नजर मूळ मजकुरावरून ढळत नसे. ते सहज जिंकले. वास्तविक हा विजय अभ्यासाचा होता. परंतु त्याचें श्रेय यंत्रालाहि मिळालें. १८९३ सालीं रेमिंग्टनसह प्रमुख कारखानदारांनीं आपला संघ स्थापन केला, आणि रेमिंग्टनचाच क्रम सर्वत्र चालूं लागला. शाळा तोच क्रम शिकवीत, कचेऱ्या तोच शिकलेले लोक नेमीत, आणि म्हणून कारखाने तोच कळफलक बनवीत. ह्या चक्राला बाहेर पडावयास वाटच उरली नाहीं.

वाट काढण्याचे यत्न मात्र झाले. ब्लिकेन्सडर्फर ह्यांनीं १८९३ सालीं पुढें आणलेल्या यंत्रांत इंग्रजींत सर्वांत अधिक येणारीं दहा अक्षरें हाताला जवळच्या खालच्या ओळींत बसविलेलीं होतीं. सिॲटल येथील प्राध्यापक ऑगस्ट ड्वोराक आणि त्यांचे मेहुणे विल्यम डीली ह्यांनीं १९३६ सालीं पेटंट घेतलेली मांडणी तर फारच विचारपूर्वक केलेली होती. सर्व स्वर डाव्या हाताखालीं, नित्याचीं व्यंजनें उजव्या हाताखालीं, आणि बोटें जेथें विसावतात त्या मधल्या ओळीवरच सुमारें शेंकडा ७० अक्षरें उमटावीं, अशी तिची योजना. १९४४ सालीं अमेरिकन नौदलांतील प्रयोगांनीं तिची तरफदारी केली; परंतु त्या प्रयोगांशीं ड्वोराक ह्यांचा स्वतःचाच संबंध होता असा आक्षेप पुढें आला, आणि १९५६ सालच्या दुसऱ्या एका सरकारी पाहणींत, जुने टंकलेखक नव्या मांडणीवर आणण्यांत फायदा नाहीं, असा निष्कर्ष निघाला. पॉल डेव्हिड ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं, एकदां पडलेली वहिवाट चांगल्या वस्तूलाहि कशी अडविते, ह्याचें उदाहरण म्हणून हीच कथा सांगितली. तर लिबोविट्झ व मार्गोलिस ह्यांनीं १९९० सालीं, मुळांत दुसरी मांडणी तितकी श्रेष्ठ होती हेंच सिद्ध झालेलें नाहीं, असें प्रतिपादन केलें. वाद विद्वानांचा राहिला. बोटांनीं आपला निर्णय केव्हांच देऊन टाकला होता. लाखों हातांना लागलेली सवय ही कोणत्याहि कायद्याहून बळकट असते.

अक्षरांची जागा अशी कायम झाली. कळेच्या स्पर्शाची गोष्ट मात्र निराळी. जुन्या टाइपरायटरवर ठसा उचलून फितीवर आपटण्याचें सर्व बळ बोटालाच द्यावें लागे. करंगळीच्या वांट्याची अक्षरें फिकीं आणि तर्जनीचीं ठळक, असा भेद नवशिक्याच्या कागदावर हटकून दिसे. पुढें पुष्कळ यंत्रांत कळांचा ताण कमीजास्त करण्याची सोय आली. आपल्या बोटांच्या ताकदीप्रमाणें यंत्र लावून घेण्याचा तो पहिला अधिकार म्हणतां येईल. नंतर विजेचीं यंत्रें निघालीं. आयबीएम कंपनीनें ३१ जुलै १९६१ रोजीं जाहीर केलेल्या 'सिलेक्ट्रिक' यंत्रांत दांड्यांचा पसाराच नाहींसा झाला, आणि ८८ चिन्हें कोरलेला एक लहानसा गोळा फिरून अक्षरें उमटवूं लागला. ठोका देण्याचें काम मोटारीनें पतकरलें. बोटानें नुसती इच्छा कळवावयाची.

संगणक आल्यावर तर बोटाखालीं कांहींच उरलें नाहीं. कळ दाबली कीं विजेचा एक मार्ग जुळतो, एवढेंच. त्यासाठीं बळ नको, आवाज नको, फारशी हालचालहि नको. परंतु येथें एक अडचण उभी राहिली. अक्षर उमटलें हें बोटाला कळावें कसें? टाइपरायटरवर ठोक्याचा नाद आणि धक्का हीच पोंच होती. ती नाहींशी झाल्यावर लिहिणारा एक तर कळ अर्धवट दाबून अक्षर गाळूं लागतो, किंवा उगाच जोरानें आदळून बोटें दुखवून घेतो. तेव्हां जी गोष्ट पूर्वीं यंत्राची गरज म्हणून आपोआप मिळत असे, ती आतां माणसाची गरज म्हणून मुद्दाम निर्माण करणें भाग पडलें.

ह्या कामीं रिचर्ड हॅरिस ह्या आयबीएमच्या अभियंत्यांची कल्पना फार साधी आणि फार सुंदर होती. तिला १९७८ सालीं पेटंट मिळालें. कळेखालीं उभी स्प्रिंग ठेवावयाची; कळ दाबत गेलें कीं एका क्षणीं ती स्प्रिंग एकदम मध्येंच वांकते; त्याच क्षणीं तळचा तुकडा कलंडून अक्षराची नोंद होते, बोटाखालचा ताण सुटतो आणि खट् असा आवाज होतो. डोळा, कान आणि बोट ह्या तिघांना एकाच वेळीं साक्ष मिळते. १९८१ च्या आयबीएम संगणकाबरोबर ८३ कळांचा असा कळफलक आला, आणि थोड्याच वर्षांत 'मॉडेल एम' ह्या नांवाचा, १०१ कळांचा व दोन किलोहून अधिक वजनाचा कळफलक कचेऱ्यांतून स्थिरावला. त्यांतले पुष्कळ आजहि चालू आहेत.

ह्याच सुमारास चेरी नांवाच्या कंपनीचा 'एमएक्स' खटका पुढें आला. वॉल्टर चेरी ह्यांनीं १९५३ सालीं अमेरिकेंत, इलिनॉय प्रांतांतील एका उपाहारगृहाच्या तळघरांत सुरू केलेला हा धंदा पुढें जर्मनींत गेला. एमएक्स खटका म्हणजे प्रत्येक कळेखालचें एक स्वतंत्र लहानसें यंत्रच. खालचें घर, वरचें घर, मधून सरकणारी दांडी, स्प्रिंग आणि धातूच्या पट्ट्यांची जोडी, असे त्याचे भाग. दांडीच्या माथ्यावर अधिकाच्या चिन्हासारखा उंचवटा असतो, त्यावर अक्षराची टोपी बसते. दांडी एकंदर ४ मिलिमीटर खालीं जाते. परंतु साधारणतः निम्म्या वाटेवरच, म्हणजे २ मिलिमीटरवर, अक्षराची नोंद होऊन जाते. ज्याला हें उमगलें त्याला कळ तळापर्यंत आदळण्याची गरज नाहीं, आणि बोटांचे निम्मे कष्ट तेथेंच वांचतात.

दांडीच्या रंगावरून तिचा स्वभाव ओळखावयाचा. तांबडी व काळी ह्या सरळ जातीच्या. वाटेंत कोठें अडखळ नाहीं, आवाजहि नाहीं. तांबडीला सुमारें ४५ ग्रॅम आणि काळीला सुमारें ६० ग्रॅम भार लागतो. तपकिरी दांडीला मध्यें लहानसा उंचवटा असतो. नोंद झाल्याची खूण बोटाला लागते, पण शेजाऱ्याच्या कानाला त्रास होत नाहीं. निळी दांडी उंचवटा ओलांडतांना स्पष्ट खटका वाजविते. टाइपरायटरचा नाद ज्यांच्या कानांत बसलेला आहे त्यांना ती आवडते, आणि एकाच खोलींत बसणाऱ्या इतरांना बहुधा आवडत नाहीं!

इतकें होऊनहि मध्यंतरीं ही सर्व कारागिरी मागें पडली. १९९० नंतर संगणक घरोघर स्वस्तांत पोंचविण्याची चढाओढ लागली, तेव्हां प्रत्येक कळेखालीं स्वतंत्र खटका बसविणें परवडेनासें झालें. त्याऐवजीं रबराच्या फुगीर टोप्यांची एक अखंड चादर खालीं अंथरण्यांत आली. असा कळफलक हलका, शांत आणि फार स्वस्त. परंतु त्याचा स्पर्श मऊ चिखलांत बोट रुतावें तसा, आणि कळ जवळजवळ तळाला टेकल्याशिवाय अक्षर उमटत नाहीं. बहुसंख्य लोकांनीं त्याबद्दल तक्रार केली नाहीं, कारण दुसरें कांहीं असूं शकतें हेंच पुष्कळांना ठाऊक नव्हतें. ज्यांची भाकरी बोटांवर अवलंबून होती, म्हणजे संगणकाच्या आज्ञावली रचणारे, लेखक, टंकलेखक, त्यांना मात्र तें जाणवलें. टोकियोचे प्राध्यापक एइइती वाडा ह्यांच्या कल्पनेवरून १९९६ सालीं अवघ्या ६० कळांचा एक सुटसुटीत कळफलक निघाला. त्यामागचा विचार सांगतांना वाडा ह्यांनीं गुराख्यांचा दाखला दिला आहे: अमेरिकेंतील गुराखी वाळवंटांत घोडा मेला तर त्याला तेथेंच सोडतो, पण खोगीर खांद्यावर टाकून चालूं लागतो. संगणक हा घोडा, कळफलक हें खोगीर. घोडे बदलत जातात; अंगाला सरावलेलें खोगीर बदलूं नये.

हा विचार रुजला, आणि एमएक्स खटक्याच्या पेटंटाची मुदत २०१४ च्या सुमारास सरल्यावर चीनमधील अनेक कारखाने त्याच मापाचे खटके तऱ्हेतऱ्हेच्या गुणांचे काढूं लागले. आज कळफलक तयार घेण्याऐवजीं भाग निवडून जुळविणें हा जगभर पसरलेला छंद झाला आहे. खटके नुसते खोंचून बसवितां व उपटून काढतां येतील अशा बैठका मिळतात, त्यामुळें डाग देण्याचें कौशल्य नसलें तरी चालतें. खटका उघडून त्याच्या सरकत्या कडांना बारीक कुंचल्यानें वंगणाचा पातळ हात दिला कीं खरखर जाते. स्पेस व शिफ्टसारख्या लांब कळांखालच्या तारांना वंगण दिलें कीं त्यांचा खडखडाट थांबतो. टोप्यांचें प्लॅस्टिकहि दोन प्रकारचें: एबीएस गुळगुळीत, पण वापरानें तेलकट चकाकी धरणारें; पीबीटी किंचित खरखरीत आणि दीर्घकाळ तसेंच राहणारें. अक्षर झिजूं नये म्हणून दोन रंगांचें प्लॅस्टिक दोन वेळां ओतून घडविलेल्या टोप्या मिळतात. कोणत्या कळेनें काय करावें हें देखील मालकाला स्वतः ठरवितां येतें.

निवड करणारानें रंगाला किंवा दुसऱ्याच्या शिफारशीला भुलूं नये. ज्याचा हात जड त्याला हलकी स्प्रिंग दिली तर नको तीं अक्षरें उमटतात. ज्याची बोटें नाजूक त्याला जड स्प्रिंग दिली तर सायंकाळीं मनगट बोलूं लागतें. दिवसभर मजकूर लिहिणारास उंचवट्याची खूण बहुधा उपकारक ठरते. खेळांत एकच कळ पुनःपुन्हां दाबणारास सरळ जात बरी पडते. सामायिक खोलींत बसणारानें निळ्याचा मोह आवरावा. थोडे निरनिराळे खटके घेऊन प्रत्यक्ष बोटाखालीं दाबून पाहणें ह्यासारखी दुसरी परीक्षा नाहीं. आणि मनगटाचें दुखणें हा केवळ चैनीचा विषय नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें टंकलेखन शिकविणाऱ्या लिलियन माल्ट आणि अभियंते स्टीफन हॉबडे ह्यांनीं दोन्ही हातांसाठीं वेगळा, खोलगट असा कळफलक रचला, तो ह्याच दुखण्यावर उपाय म्हणून.

मराठी लिहिणारांना ह्या इतिहासांत स्वतःची एक बाजू आहे. १९५५ सालीं मुंबईच्या गोदरेज कंपनीनें भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारांत आणला, आणि २००९ पर्यंत त्याचें उत्पादन चाललें. गांवोगांवच्या टायपिंग क्लासांतून मिनिटाला ३० व ४० शब्दांच्या मराठी परीक्षा देऊन हजारों मुलामुलींनीं पोट भरण्याची विद्या मिळविली. परंतु नव्वदच्या आसपास ठशांत देवनागरी बसविणें हें सोपें काम नव्हतें. ख, ध, भ, श अशीं अक्षरें अर्धा ठसा व पुढें काना अशा दोन ठोक्यांत काढावीं लागत; मात्रा-अनुस्वारांसाठीं गाडा पुढें न सरकविणाऱ्या कळा असत; आणि पहिली वेलांटी उच्चारांत मागून येत असली तरी आधीं मारावी लागे. लिपी यंत्राच्या सोयीनें लिहिली जात होती.

१९८६ सालीं भारत सरकारनें मान्य केलेल्या 'इन्स्क्रिप्ट' मांडणीनें हें उलटें केलें. तींत स्वर व त्यांचीं चिन्हें डाव्या हाताखालीं आणि बहुतेक व्यंजनें उजव्या हाताखालीं येतात. ज्या कळेवर क तिच्याच शिफ्टवर ख, ज्या कळेवर ग तिच्याच शिफ्टवर घ. आणि उच्चाराचा जो क्रम तोच लिहिण्याचा. शाळेंत शिकलेली वर्णमाला जणूं बोटांखालीं पसरलेली असते. १९९१ सालीं भारतीय मानकांत तिचा समावेश झाला, आणि आज बहुतेक संगणकांत ती आयती बसविलेली असते. तरीहि जुने टंकलेखक टाइपरायटरचाच क्रम चालवितात, आणि नवे लोक इंग्रजी अक्षरें दाबून मराठी शब्द काढतात. मराठी लिहावयास बसलेला माणूस प्रत्येक शब्द आधीं रोमन लिपींत योजतो आणि मग तो देवनागरींत उतरण्याची वाट पाहतो, ही स्थिति फारशी भूषणावह नाहीं.

शोल्स ह्यांच्या क्रमाला हलविणें कोणाला साधलें नाहीं, कारण तो शाळा, कचेरी आणि कारखाना अशा तिघांच्या गांठींत अडकला होता. ज्याच्या घरीं आज नवा कळफलक येतो, त्याच्यावर असें कोणतेंहि बंधन नाहीं. खटका हलका कीं जड, मुका कीं बोलका, हें तो ठरवूं शकतो; आणि त्यावर आपली वर्णमाला आपल्या क्रमानें चालवावयाची कीं नाहीं, हेंहि तोच ठरवूं शकतो. त्यासाठीं पैसा लागत नाहीं; कांहीं आठवडे रोज थोडा वेळ बोटांना सराव द्यावा लागतो, इतकेंच. लहान मुलांच्या बोटांना अद्याप कोणतीच सवय जडलेली नसते. त्यांना हा सराव आधीं मिळाला, तर पुढच्या पिढीला तो सराव म्हणूनहि जाणवणार नाहीं.